एकाला एक

भागम्मा आक्काला बंदी नोट लय आवडायची. बंदी म्हंजी न मोडलेली. कापूस वेचणीची मजुरी आली, शेळी इकली, डेअरीवरचा दुधाचा हप्ता आला, की ती सुट्ट्या नोटा पदराला बांधून थेट परमेश्वरच्या दुकानात जायची. परमेश्वरचं आमच्या वालूरात खत-बियाणाचं दुकान हाय. आक्का नोटांचा चोळामोळा त्येच्या टेबलावर टाकायची अन् म्हणायची, "हे घे अन् मला पाचशेची एक बंदी दे."

परमेश्वर हासायचा. "आक्का, पैसे तेवढेच राहतेत की."

"तुह्या गल्ल्यात राहतेत. मह्या घरात राहत न्हाईत. दहाच्या नोटंला पाय असतेत बाबा. मीठ आणायला जाती अन् परत येत न्हाई. बंदी मोडायची म्हणलं की माणूस दोनदा इचार करतंय."

आमच्या गावातल्या कंच्या बी बाईला इचारा, असंच सांगंल. त्यात चूक काय? काय बी न्हाई. पण ह्याच बंद्या नोटांनी आक्काचा घात केला. नोटांनी केला म्हंजी, नोटांचं काय चालतंय, करणारा घरचाच व्हता.

मी मुंजाजी. आचारी. लग्नाचा, मातीचा, सप्त्याचा, सगळा सयपाक करतो. महारुद्राची यात्रेची गाडी दरसाल देवगाव फाट्यावरनं निघायची, तिच्यावर मीच असायचो. गाडीच्या टपावर पातेली, खाली डिक्कीत सिलेंडर अन् पिठाची पोती. काशी म्हणू नका, केदार म्हणू नका, जिथं गाडी थांबंल तिथं महं पिठलं शिजायचं.

महारुद्र म्हंजी आक्काचा सख्खा पुतण्या, धाकट्या दिराचा पोरगा. आडत दुकान चालवतो, गाव त्येला आप्पा म्हणतंय. कपाळाला भस्म, अंगात पांढराशिपट कुर्ता, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यो आपल्यावर उपकार करायलाय. आक्काला पोरगा न्हाई. एक पोरगी, रुद्राणी, राणीसावरगावला दिलेली. आक्काचा मालक गेला तव्हा माती महारुद्रानंच दिली. लिंगायताची रीत, खड्ड्यात बसवून समाधी देतेत. त्या दिवशी हाच पुढं व्हता. तव्हापासून आक्का त्येला पोरासारखं धरायची.

आता आक्काचं मन कशात गुतलं व्हतं ते सांगतो, म्हंजी पुढचं ध्यानात येईल. ती अन् तिचा मालक दोघं केदारला जाऊन आलते. आमच्याकडं असं मानतेत की केदारला देवाची पाठ हाय अन् तोंड हाय ते नेपाळात, पशुपतीला. केदारला मालकानं मोठी पूजा केली, पुजाऱ्याला बायकोचं नाव सांगितलं, अन् पुजाऱ्यानं ते देवापुढं मोठ्यानं घेतलं. परत येताना मालक म्हणला, "भागम्मा, पाठ पाह्यली. तोंड पाहायचं राह्यलं." अन् तोंड पाहायच्या आधीच गेला बिचारा.

तव्हा आक्कानं ठरवलं. पशुपतीला जायचं, मोठी पूजा घालायची, अन् पुजाऱ्याच्या तोंडून मालकाचं नाव-गोत्र देवाच्या कानावर घालायचं. अन् ते नाव पुजाऱ्याला सांगायचं तिनं सोता. उभ्या जन्मात तिनं मालकाचं नाव तोंडातनं काढलं न्हवतं. जुनी बाई. "आमचे हे" न्हाईतर "रुद्राणीचे बाप". मतदानाच्या यादीत नाव सांगायचं झालं तर शेजारणीला सांगायला लावायची. त्या साली गाडी नेपाळला निघाली, आक्का बी निघाली. गाडीत मह्याजवळ बसली अन् हळूच म्हणली, "मुंजा, घरी कोंबड्यांपुढं म्हणून पाह्यलं मी. पहिल्यांदा तर आवाजच फुटंना."

मी म्हणलं, "कोंबड्या काय म्हणल्या?"

"गप खाली मान घालून दाणे टिपायल्या. त्यांना काय म्हाईत मी कुणाचं नाव घेतलं."

आक्का हासली की तिचं तोंड लहान पोरीवाणी व्हायचं.

पूजेचे पैसे तिनं कमरंच्या पिशवीत आणले व्हते. आकरा हजार. सगळ्या पाचशेच्या, सगळ्या बंद्या.

सरहद्द आली. धूळ, ट्रकांची रांग, रिक्षावाल्यांचा गलका. महारुद्र गाडीत मधी उभा राह्यला अन् टाळी वाजवली.

"ऐका मंडळी. पलीकडं पाचशेची नोट चालत न्हाई. सापडली तर पोलीस धरतेत. ज्येच्याकडं हायेत त्येनं मह्याकडं द्या, मी नेपाळी करून आणतो."

त्या साली तसा नियमच व्हता, त्येत तो खोटं बोलला न्हाई. आता बदललाय म्हणतेत, मला काय म्हाईत न्हाई.

गाडीत एकच गोंधळ. सगळ्यांच्या पिशव्यात पाचशेच. यात्रेला निघताना कोण शंभराच्या गड्ड्या घेऊन निघतंय? एक म्हातारं म्हणलं, "आप्पा, हे देवगाव फाट्यावरच सांगायचं व्हतं ना."

"आता सांगायलोय ना काका."

आक्कानं इचारलं, "महारुद्रा, मोडायला काय घेणार तिथं?"

"काय बी न्हाई काकू. त्येंचा बी रुपयाच हाय. एकाला एक. मी सेवा म्हणून करायलोय."

एकाला एक म्हणल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडला. हिसाब सोपा. जेवढे दिले तेवढे मिळणार, नोटंवरचं चित्र तेवढं बदलणार. ज्येनं त्येनं नोटा काढून दिल्या. आक्कानं आपल्या नोटा देताना एकेक नोट बोटानं चापून सरळ केली, मंग दिली.

फक्त परमेश्वर, त्यो बी यात्रेला आलता, बसून राह्यला. खिशातनं कार्ड काढून सगळ्यांना दाखवायला. "मह्याकडं हे हाय. जगात कुठं बी घासा. नोटांची भानगडच न्हाई. अन् फोन हायच."

महारुद्र गेला अन् घंट्याभरानं पिशवी भरून आला. नव्या नोटा. एकीवर गेंडा, एकीवर वाघ, हजाराचीवर हत्ती. आक्काच्या हातात आकरा हत्ती पडले. ती खूशच झाली.

"आपल्याकडं हजाराची बंद पडली, हितं हाय बघ. किती बंदी नोट हाय!"

काठमांडूत पहिल्याच दिवशी परमेश्वरची फजिती झाली. कार्ड मशीनीत घातलं की मशीन बाहेर थुकायची. चार मशीनी हिंडला. तिथला एक पोरगा म्हणला, तुमच्या बँकेनं हे बाहेरच्या देशासाठी चालू केलेलं न्हाई. चालू करायला फोनमधी जावं, तर फोनला रेंज न्हाई. रेंज न्हाई म्हणल्यावर बँकेचा ओटीपीचा नंबर बी येईना. रुद्राक्षाच्या दुकानात फोन पुढं करून "स्कॅनर कुठाय, स्कॅनर" करायला, अन् फोन नुस्ता गोल गोल फिरायला.

मी म्हणलं, "परमेश्वर, जगात कुठं बी घास म्हणलास ना? हितं भांडे लय हायेत, ये घासायला."

शेवटी त्येनं बी महारुद्राकडनंच उसने घेतले, गावाकडं एकाला एक फेडायच्या बोलीवर.

पूजेच्या दिवशी आक्का पहाटंच न्हाऊन तयार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, ठेवणीतलं लुगडं. मला म्हणली, "मुंजा, पोहे झाले तर चल. आज तू बी ऐक." मी कढई तशीच झाकून निघालो. महारुद्र पुढं, आमी मागं.

पावतीची खिडकी. तिथल्या माणसानं इचारलं, पूजा कुणाच्या नावानं?

आक्काचा हात खिडकीच्या कठड्यावर. मी मागनं म्हणलं, "आक्का, बोला."

तिनं पदर सावरला. अन् बोलली. "ईश्वरअप्पा." परत एकदा, जरा मोठ्यानं. "ईश्वरअप्पा. गोत्र नंदी."

इतक्या वर्षाचं नाव बाईच्या तोंडातनं बाहेर पडलं. ती मह्याकडं वळली, डोळे भरलेले, अन् हासायली.

खिडकीतल्या माणसानं लिहून घेतलं अन् इचारलं, "पैसा इंडियन देंगे या नेपाली?"

आमाला काय त्येतलं कळत न्हवतं. महारुद्र झटकन पुढं सरकला. "नेपाली, नेपाली."

माणसानं आकडा सांगितला. आक्कानं आकरा हत्ती काढून ठेवले. माणसानं मोजले अन् मान हालवली. चार हजार कमी पडायले.

आक्काला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मला इचारलं, महारुद्राला इचारलं. चूक न्हवती. गावाकडं कुणीतरी जाऊन आलेल्यानं तिला पूजेला किती लागतेत ते सांगितलं व्हतं, त्याच्या हिसाबानं तिनं वरून पैसे आणले व्हते. त्येनं आपल्या पैशात सांगितलेलं. आता एकाला एक मोडले म्हणल्यावर कसे पुरणार? पण हे तव्हा कुणाच्या डोक्यात?

"महारुद्रा," आक्का म्हणली, "बाळा, तू दे. वालूरला गेल्याबरोबर देते. शेळ्या हायेत मह्या."

महारुद्रानं पोटावरच्या पाकिटाची चैन जराशी उघडली अन् परत लावली. "काकू, हे सगळ्यांचे हायेत. डिझेल, धर्मशाळा, वाटंचा खर्च. मी ह्येतनं दिले तर गाडी हितंच उभी राहील. लहान पूजा घे ना. देवाला काय, लहान बी तेच अन् मोठी बी तेच."

"लहानीत नाव घेतेत का?"

खिडकीतला म्हणला, न्हाई. प्रसाद मिळंल.

मह्याकडं द्यायला तेवढे पैसे न्हवते. मही मजुरी गाडी परत आल्यावर. बाकीचे आपापल्या रांगंत, अन् ज्येच्या त्येच्या नोटा रुद्राक्षात अन् शालीत गेलेल्या. दोघा-तिघांना इचारलं, त्येंनी पाकीट उलटं करून दाखवलं. मागची रांग ढकलायली. खिडकीतल्या माणसानं बी किती थांबावं? त्येनं लिहिलेलं नाव खोडलं अन् पुढच्याला हाक मारली.

आक्कानं ते खोडताना पाह्यलं.

दर्शन झालं. देवाचं तोंड पाह्यलं तिनं. बाहेर येऊन पायरीवर बसली अन् नोटा परत पिशवीत घातल्या. एक मोडली व्हती फुलाला. म्हणली, "त्येंच्या मनात नसंल. मीच लय उतावीळ झाले नाव घ्यायला. बाईनं घेऊ न्हाई ते घेतलं."

मी म्हणलं, "आक्का, चला, पोहे गार झाले."

दुसऱ्या दिवशी परतीची वाट. डोंगरातला रस्ता, गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून सगळे खाली उतरलो. एका बाईचं चहाचं खोपटं व्हतं. मही बायको तानुबाई, तिनं निघताना मह्या बंडीच्या आतल्या खिशात शंभराची एक नोट शिवून दिलती, अडीनडीला. मी शिवण उसवली. दोन चहा घेतले, एक मला, एक डायव्हरला. बाईला नोट दिली. चाळीस झालते. तिनं मला एकशेवीस परत दिले.

मी मोजले. परत मोजले. म्हणलं बाईला मोजता येत न्हाई, गरीब हाय, आपण कशाला खावं. साठ तिच्यापुढं ठेवले. "बहनजी, ज्यादा दिया तुमने. मैने सौ दिया था."

बाई हासायली. दादाला तिकडं दाइ म्हणतेत. "दाइ, इंडिया का सौ, हमारा एक सौ साठ. बराबर है." अन् साठ मह्याकडं सरकवले.

मला वाटलं मस्करी करायली. शेजारच्या टपरीवाल्याला इचारलं. त्यो बी तेच म्हणला. एका ट्रकवाल्याला इचारलं. तेच. शंभराला एकशे साठ, कव्हाचाच भाव हाय, लहान लेकराला बी म्हाईत हाय.

चहा हातातच राह्यला. मला शाळा न्हाई, पण हजार माणसाच्या जेवणाला तेल किती, डाळ किती, येवढं येतंय. आक्काच्या आकरा हजाराचे तिकडचे साडेसतरा हजार झाले असते. मोठी पूजा होऊन वरून फुलं, प्रसाद, सगळं.

महारुद्र गाडीमागं जॅक लावणाऱ्याला शिव्या घालायला व्हता. मी म्हणलं, "आप्पा, एकाला एक कुठला भाव हाय?"

त्येला लगीच कळलं. इकडं तिकडं बघितलं. "मुंजाजी, तू पोळ्या लाट."

"आक्काची पूजा राह्यली आप्पा. तुमच्या सख्ख्या काकूची. तुमच्या पाकिटात तिचेच पैसे व्हते."

"हे बघ. येवढ्या कमी भाड्यात कोण नेतंय नेपाळला? डिझेल निघत न्हाई त्येत. लोकाला भाडं जास्त सांगितलं की लोक येत न्हाईत. असं घेतलं की कुणाला दुखत न्हाई. धंदा हाय."

"काकूला दुखलं."

"अन् तुही मजुरी कुठनं देतो मी? त्येतनंच. नको असंल तर सांग, तुही बी काकूला देऊन टाकतो."

त्येनं पाना उचलला अन् पाठ केली.

सरहद्दीवर गाडी आली तव्हा महारुद्र परत मधी उभा. "उरलेल्या नेपाळी नोटा द्या मंडळी. पण एक सांगतो, येताना भाव वेगळा असतोय. एकशेसाठाला शंभर. सरकारी भाव हाय, मह्या हातात न्हाई."

लोक कुरकुरले अन् देऊ लागले. आक्का पिशवीला हात घालायला लागली तसा मी तिच्याजवळ गेलो अन् कानात सगळं सांगितलं. चहावाली बाई, ट्रकवाला, पाना, सगळं.

तिनं एकच इचारलं. "म्हंजी त्येंचं नाव घेता आलं असतं?"

"व्हय आक्का."

"मी म्हणलं त्येंच्या मनात न्हाई. मी त्येंच्यावर ढकललं."

महारुद्र पिशवी घेऊन आला. "काकू, नोटा?"

"राहू दे," आक्का म्हणली. "हत्ती चांगला हाय. रुद्राणीच्या लेकराला दाखवते."

त्यानंतर देवगाव फाटा येईपर्यंत मी वाढलेलं ती खायची अन् ताट धुवून ठेवायची.

यात्रा करून आलं की आमच्याकडं मावंदं घालतेत. गंगंच्या पाण्याच्या तांब्याची पूजा, गावजेवण, अन् यात्रेकरू गाडीवाल्याला आहेर करतेत. टोपी, उपरणं, नारळ. महारुद्राच्या दारात मांडव पडला. सयपाक महाच. पंगत बसायच्या आधी एकेक जण जाऊन त्येला आहेर करायलं, पाया पडायलं, अन् त्यो हात जोडून "सेवा, सेवा" करायला.

आक्काची पाळी आली. तिनं नारळ ठेवला. टोपी न्हाई, उपरणं न्हाई. पदराची गाठ सोडून हत्तीच्या नोटा त्येच्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय काकू?"

"तिकडचे राह्यले मह्यापाशी. मोडून दे."

महारुद्र लोकांकडं बघून हासला. "काकू, ते सरहद्दीवर द्यायचे असतेत. हितं कोण घेणार? बँक बी घेत न्हाई."

"तू घे. तूच दिलेत. एकाला एक."

"काकू, येताना भाव..."

"जाताना एकाला एक अन् येताना एकशेसाठाला शंभर. रस्ता तर त्योच व्हता ना महारुद्रा? जाताना डोंगर चढला, येताना उतरला, मधीच रुपया कसा काय झिजला?"

मी वरणाचा डाव हातात धरून उभा. परमेश्वर बोटं मोजायला लागला, आकडे लावायला. त्येच्या बायकोनं इचारलं, "काय झालं हो?" त्येनं तिला गप केलं. हळूहळू मांडवात सगळीकडंच बोटं हालायला लागली.

महारुद्राचं तोंड लाल झालं. पण माणूस हुशार. कुर्त्याच्या खिशातनं पाचशेच्या नोटा काढल्या, मोजल्या, अन् सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणला, "घे काकू. देवाच्या वाटंवर गेलेला पैसा माघारी मागायलीस, तर घे. मी न्हाई म्हणणार न्हाई. देव बघून घेईल."

बास. त्या एका बोलण्यानं सगळा मांडव फिरला. मोजणारी बोटं खाली गेली. परमेश्वरचे तर आक्काच्या दुप्पट गेलते, पण त्येनं तोंड उघडलं न्हाई. देवाच्या वाटंचा पैसा कोण माघारी मागणार? पंगत बसली. लोकांनी बुंदी मागून मागून खाल्ली.

आठ दिवसात गावात एकच बोलणं. पाण्याच्या नळावर बाया म्हणायच्या, "भागम्मा आक्कानं देवाचा पैसा घरी आणला." आक्काच्या गल्लीतली राजेश्री, लेकीसारखी येणं-जाणं हिचं, तिनं बी ताकाला येणं बंद केलं. अन् दिवाळीनंतर आक्का गोठ्यात पाय घसरून पडली, खुबा मोडला. सेलूला आपरेशन झालं. डॉक्टर म्हणला काठी सुटणार न्हाई, लांबचा प्रवास इसरा. झालं. गावाला पुरावाच मिळाला. "बघा, म्हणलं व्हतं ना."

मला महारुद्रानं काढलं. दुसरा आचारी ठेवला. त्येचं मला काय वाटलं न्हाई. न्हाई, खोटं कशाला बोलू, वाटलं. पण लग्नं हायेत, सप्ते हायेत, पोट भरतंय.

आक्कानं ते परत आलेले पैसे घरात खर्चले न्हाईत. गोळ्या-औषधाला शेळ्या इकल्या पण त्या नोटांना हात लावला न्हाई. देवाचे म्हणून काढलेले, ते देवाचेच. मी म्हणलं, "आक्का, मी जातो. रेल्वेनं जातो. नाव सांगून येतो."

"तू सांगून चालत न्हाई मुंजा. नाव-गोत्र घरच्यानं सांगायचं असतंय. एक तर मी, न्हाईतर ज्येनं माती दिली त्यो."

"जावई?"

"त्येचं गोत्र दुसरं. लगीन झाल्यावर रुद्राणीचं बी तेच."

आमच्या दोघांच्या बी ध्यानात आलं व्हतं की असा माणूस एकच हाय, अन् त्यो दरसाल नेपाळला जातो.

यंदा महारुद्रानं गाडी काढली तव्हा आधीच सांगून टाकलं, "सगळ्यांनी शंभराच्याच नोटा आणा. अन् मी एकाला सव्वा देणार." लोक खूश. पारावर म्हणायले, आप्पा सुधारला, माणूस आपल्या चुकीतनं शिकला. मी म्हणलं, "अरे लेकांनो, शंभराची नोट तिकडं तशीच चालती, मोडायची गरजच न्हाई, अन् मोडली तर एकशेसाठ येतेत." तर मलाच म्हणायले, "मुंजाजी, तुला कामावरनं काढलं म्हणून तू बोलायलास." गाडीच्या जागा दोन दिवसात भरल्या. राजेश्री अन् तिचा नवरा बी निघाले.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी आक्कानं मला बोलावलं. "परमेश्वरच्या दुकानात चल."

तिथं तिनं सगळ्या बंद्या नोटा टेबलावर ठेवल्या अन् म्हणली, "मोड. शंभराच्या दे." परमेश्वर तिच्याकडं बघंना. खाली मान घालून मोजून दिल्या.

तिथनं आमी महारुद्राच्या आडतीवर गेलो. एका हातात काठी, दुसरा मह्या खांद्यावर. दुकानात हमाल, शेतकरी, तूर मोजणं चालू. महारुद्रानं आमाला पाह्यलं अन् हिसाब करत राह्यला. आक्का तुरीच्या पोत्याला टेकून उभी. तासभर उभं केलं त्येनं. एका हमालानं उलटी बादली आणून दिली बसायला.

मंग म्हणला, "बोल काकू."

आक्कानं नोटा पुढं केल्या. "मोठी पूजा घाल. त्येंचं नाव घे."

"मह्यावर भरोसा हाय का तुहा? मांडवात तर न्हवता."

हमाल ऐकायले. शेतकरी ऐकायले. आक्का म्हणली, "माती तू दिलीस महारुद्रा. दुसरं कोण हाय मला?" अन् वाकता येत न्हवतं तरी वाकायला लागली, त्येच्या पायाकडं. मी धरली तिला. त्येनं बी "असू दे, असू दे" म्हणलं, पण हात नोटांकडं गेला पहिले.

गाडी गेली अन् आली. मावंदं झालं. मी ह्या वेळी पंगतीला बसणारा. महारुद्र आक्काजवळ आला अन् सगळ्यांदेखत म्हणला, "घेतलं काकू काकांचं नाव. मोठ्यानं घेतलं पुजाऱ्यानं, तीनदा. तुहे पैसे पुरले, वरून मीच घातले थोडे."

आक्कानं त्येला टोपी घातली, उपरणं घातलं, नारळ दिला. मी उठलो अन् राजेश्रीला गाठलं. ती पत्रावळी उचलायली व्हती.

"राजे, पूजेला तू व्हतीस का जवळ? ईश्वरअप्पाचं नाव ऐकलं का?"

तिनं पत्रावळी खाली ठेवल्या. "काका, आमी सगळे रांगंत व्हतो. अन् महारुद्रअप्पा तर..."

"मुंजा!"

आक्का काठी टेकत मह्यामागं आलती. कव्हा आली कळलंच न्हाई. राजेश्रीनं तोंड मिटलं अन् पत्रावळी उचलून निघून गेली.

"काय इचारायलास तिला?"

मी खाली बघितलं.

"तू कुणाला इचारू नको मुंजा," आक्का म्हणली. "नाव घेतलं म्हणला ना त्यो. बास. आता मला दुसऱ्या कुणाकडनं काय ऐकायचं न्हाई."

मंग तिनं मह्या दंडाला धरलं अन् मला परत पंगतीत आणून बसवलं. सोता काठीवर वाकून मह्या पत्रावळीत बुंदी वाढली. मी खाल्ली.